उष्टावणाची तारीख

आमच्या संस्थेच्या ऑफिसात भिंतीवर एक वाक्य रंगवलेलं होतं : उपाय लोकांकडेच असतात. माझी खुर्ची त्याच भिंतीसमोर होती. नोकरी सोडून आता काही वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की माझी कपाळाची शीर उडते. वाक्य खोटं नव्हतं. चांगलं खरं होतं. पण ज्यांनी ते रंगवून घेतलं त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता.

या अंकाच्या संपादकांनी कामातले गोड अनुभव लिहा म्हणून सांगितलं होतं. तसे अनुभव माझ्याकडे आहेत, पण लिहायला बसलं की ते बाजूला सरकतात आणि एका तान्ह्या पोरीचं मनगट समोर येतं. तेव्हा तेच लिहिते.

आधी मी कोण ते सांगते. मी वरवंडची. वडील गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालायचे. त्यांच्या हातावरचे केस कायम करपलेले असत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. दहावीनंतर माझं शिक्षण थांबू नये म्हणून शाळेतल्या बाई स्वतः गुऱ्हाळावर आल्या होत्या, आणि वडील काकवीने चिकटलेले हात पाठीमागे धरून नुसतं "व्हय बाई, व्हय बाई" म्हणत उभे होते. पुढे दौंडला कॉलेज झालं, समाजकार्याची पदवी झाली, संस्थेत नोकरी लागली. चार लोकांत उभं राहून बोलण्याची हिंमत मला या शिक्षणाने आणि या नोकरीने दिली. म्हणून माझा राग बाहेरून दगड मारणाऱ्याचा समजू नका. त्या कामाचं मीठ खाल्लेल्या बाईचा आहे.

काम होतं शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या लहान मुलांच्या खाण्याचं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं. त्यानंतर दूध चालू ठेवून वरचं अन्न सुरू करावं लागतं. तेही पातळ पाणी नव्हे, चमच्यातून ओघळणार नाही इतपत घट्ट, दिवसातून अनेकदा, थोडं थोडं. तिथून दोन वर्षांपर्यंतचा काळ हुकला तर पुढे तो भरून काढणं फार अवघड जातं. आमच्या पिशवीत दंडाला गुंडाळायची एक पट्टी असायची. दंड मोजला की खूण हिरव्यावर, पिवळ्यावर किंवा लालवर येते. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे दवाखाना.

आमची पद्धत अशी की उपाय आम्ही न्यायचा नाही. गावातल्या बायकांना विचारायचं, मुलाच्या खाण्याचं घोडं अडतं कुठे? त्यांनीच उपाय काढायचा, थोडे दिवस करून बघायचा, जमला नाही तर बदलायचा. कागदावर याहून सुंदर काम मी पाहिलेलं नाही.

प्रत्यक्षात आम्ही सुरुवात केली ती लाडवांनी. यवतला एका हॉलमध्ये पौष्टिक पाककृतींची स्पर्धा ठेवली. बायकांनी हौसेनं राजगिरा, नाचणी, शेंगदाणे काय काय करून आणलं. पाहुण्यांनी ताटल्या भरभरून चव घेतली आणि पहिला नंबर डिंकाच्या लाडवाला दिला. ज्या मुलांसाठी हे चाललं होतं त्यांना अजून दात आलेले नव्हते. कडेवर पोर घेतलेली एक बाई मला म्हणाली, "ताई, ह्यो लाडू फोडायला माझ्या सासऱ्याला आडकित्ता लागंल. पोराला कसा चारू?" हॉलभर हसू उसळलं. अहवालात मात्र गेलं की लोकसहभाग उत्स्फूर्त होता. ते वाक्य टाइप करणारी मीच होते.

या सगळ्यातून मी ज्या वस्तीवर जाऊन पोचले ती शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या पुढे. दारात गाई, वखारीत कांदा, घरटी एकजण तरी कंपनीत. सकाळी डेअरीवर किटल्या भरून दूध जायचं. या घरांत खायला नाही असं म्हणायची कुणाची छाती झाली नसती. आणि तरी तिथली बाळं सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत आणि तिथून पुढे उतरणीला. सगळी एकाच ठिकाणी घसरत होती, जणू रस्त्यात तिथे खड्डा होता.

अंगणवाडीच्या सेविका सुनीताताई म्हणाल्या, मीटिंग घ्या. घेतली. बायका आल्या, पदर सारखे करून ओळीत बसल्या. पण समोर खुर्चीवर आप्पा येऊन बसले. आप्पा म्हणजे वस्तीतले मोठे बागायतदार, दूध सोसायटीतलं वजनदार माणूस. मी बायकांना विचारायची आणि उत्तर आप्पा द्यायचे. "आमच्या बाया पोरांकडं लक्ष देत्यात. लिवा तुम्ही," म्हणाले. मग चहा झाला, फोटो झाला. बायकांच्या तोंडून त्या दिवशी एक शब्द निघाला असेल तर तो चहात साखर कमी आहे एवढाच.

आप्पा वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. मी गुऱ्हाळ कामगाराची मुलगी आहे कळल्यावर त्यांनी मला आत बोलावून जेवू घातलं होतं, वडिलांची चौकशी केली होती. त्यांच्या पायरीवरून कुणी उपाशी जात नसे. एकच जीव सोडून. ते नंतर कळलं.

जाताना सुनीताताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, बायांचं बोलणं ऐकायचंय ना? मग शब्बीरमामा येत्यात त्या दिवशी या."

शब्बीरमामा बांगडीवाले. शिरूरला घर, वाडवडिलांपासून हाच धंदा. पूर्वी डोक्यावर पेटी घेऊन फिरायचे, आता जुन्या स्कूटरला दोन्हीकडे खोकी बांधून. वस्तीवर आले की चिंचेखाली चादर पसरायचे आणि हा हा म्हणता बायकांचा गराडा पडायचा. पुरुष तिकडे फिरकत नसत, बांगड्यांच्या जागी त्यांचं काय काम. पन्नाशीतली मंदाकाकू असो की नवी सून, सगळ्या त्यांना मामाच म्हणायच्या, आणि ते सगळ्यांना बाय. "हात सैल सोड बाय. माझ्याशी कुस्ती खेळू नगं, सासूशी खेळ," असं म्हणत बांगडी कधी चढवायचे ते हाताला कळायचं नाही. त्या चादरीवर सासू आणि सून शेजारी बसायच्या आणि हात दुसऱ्याच्या हातात असल्यामुळे की काय, बोलायच्या.

मी तिथे नुसती जाऊन बसले. दोन डझन हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. तिसऱ्या खेपेला विषय निघाला.

पूनम, आप्पांची सून, मांडीवर मुलगी घेऊन बसली होती. मुलीचं नाव दुर्वा. दहा महिने पूर्ण. बाकीच्या बाळांच्या हाताकडे बघून कुणीतरी म्हणालं, दुर्वाला खायला काय देतेस गं? पूनम म्हणाली, अजून उष्टावण झालं नाही.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग एकेक उलगडत गेलं. वस्तीवर रीत अशी की मामाने पहिला घास भरवल्याशिवाय बाळाच्या तोंडात अन्न घालायचं नाही. रीत म्हणून गोड आहे, मलाही माझ्या मामाने भरवलं होतं. पण मामा सुरतला कामाला असला, मामाची सुट्टी नसली, मामाला चांदीची वाटी जमत नसली, की बाळ थांबायचं. कुणाचं आठव्या महिन्यापर्यंत, कुणाचं नवव्या. तोच तो खड्डा.

"मग तोवर देता काय?" मी विचारलं.

"दूध. आन् चहात बुडवून बिस्किट," मंदाकाकू म्हणाल्या. मंदाकाकू म्हणजे पूनमची सासू.

"बिस्किट चालतं?"

"त्ये दुकानाचं असतंय. त्ये कुठं अन्न हाय?"

बाळाला घरची खिमट चालत नव्हती, कारण ते अन्न. चहा-बिस्किट चालत होतं, कारण ते अन्न नव्हे. कितीतरी वर्षं आम्ही पत्रकं वाटत फिरत होतो, मोठ्या अक्षरात, रंगीत चित्रांसकट. त्यातल्या एकाही पत्रकावर मामाचा उल्लेख नव्हता.

आता पूनमच्या भावाचं. त्याचं घर फार लांब नव्हतं. पण त्याच्या लग्नात मानाचे फेटे बांधताना आप्पांची पाळी राहून गेली. नंतर लक्षात आल्यावर धावाधाव झाली, पण आप्पा तोवर न जेवता गाडीत जाऊन बसले होते. तेव्हापासून येणं-जाणं बंद. दुर्वा झाली तेव्हा भावाने फोन केला, तो कुणी उचलला नाही. म्हणजे एका डोक्याला फेटा वेळेवर बांधला गेला नाही, म्हणून दुसऱ्या तोंडात घास जात नव्हता. आज लिहितानाही माझे दात आवळले जातात.

मी आप्पांकडे गेले. दंडाची पट्टी दाखवली. दुर्वा पिवळ्यावर होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याला येऊ द्या की. माझ्या दारात येऊन, चुकलं म्हणू द्या. मी काय वाटी धरून ठिवली व्हय?"

"आप्पा, तोवर ती पोर काय करेल?"

"आमच्यात मामाबिगर न्हाई होत, ताई. मामा जित्ता असताना दुसरा कुठनं आणायचा?"

हेच मी पुढच्या खेपेला चादरीवर सांगितलं. मी उपाय सांगितला नाही, एवढं श्रेय मला द्या. मी नुसतं आप्पांचं वाक्य सांगितलं. मग एक म्हातारी बाई, जिची स्वतःची नातवंडं कधीच मोठी झाली होती, ती म्हणाली, "दुसरा कशाला आणायचा? ह्यो हाय की. समद्यांचा मामा म्हणतो ना याला? का नुसतं बांगड्या सवलतीत मिळाव्या म्हणून म्हणतो?"

सगळ्या हसल्या. शब्बीरमामा हसले नाहीत. हातातली बांगडी खाली ठेवून म्हणाले, "चेष्टा करू नका बाय. मोठं काम हाय ते."

चेष्टा नव्हतीच. त्या दुपारी त्या बायकांनी जे ठरवलं ते पाहून मला माझ्या पदवीचा अभ्यासक्रम आठवला आणि पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला. बाळ सहा महिन्यांचं झालं की मामा वस्तीवर येतील त्याच दिवशी उष्टावण, वेगळा मुहूर्त बघायचा नाही. खिमट आपापल्या घरून, तांदूळ-मुगाची, वर तूप. चांदीची वाटी नको. त्याऐवजी मामांनी बाळाच्या हातात काळ्या मनगट्या घालायच्या. त्या घट्ट झाल्या की पुढच्या खेपेला बदलून मोठ्या द्यायच्या. ज्या घरच्या मनगट्या दोन-तीन खेपा झाल्या तरी बदलाव्या लागल्या नाहीत, त्या घरात बाकीच्यांनी जाऊन बघायचं, अडलंय कुठे. सख्ख्या मामाला जेव्हा जमेल तेव्हा तो येऊन त्याचा घास भरवेल, त्याचा मान तसाच. फक्त त्याच्यावाचून बाळ थांबणार नाही. मी माझी पट्टी सोडली नाही. पण आयांनी पट्टीकडे कधी डोळे लावले नव्हते. त्या आता मनगट्यांकडे डोळे लावून बसू लागल्या.

वस्तीवरच्या बाळांची उष्टावणं होऊ लागली. एक दुर्वाचं तेवढं राहिलं, कारण सख्खा मामा दारात येऊन चुकलं म्हणेपर्यंत नाही, हा आप्पांचा हेका कायम होता. शब्बीरमामा येताना पांढरी टोपी स्वच्छ धुतलेली घालून यायचे, पंपावर कोपरापर्यंत हात धुवायचे आणि पहिला घास भरवताना त्यांचाच जबडा नकळत उघडायचा.

मी हे सगळं मोठ्या आनंदानं ऑफिसात सांगितलं. तिथून पुढे वाट लागली.

आमचे सर पुण्याचे. माणूस हुशार, कष्टाळू. त्यांनी ऐकून घेतलं, टाळ्या वाजवल्या, फळ्यावर बाण काढले. मग म्हणाले, एकच गोष्ट जरा नाजूक आहे, आणि आवाज खाली आणला. हिंदू घरांतली उष्टावणं आणि भरवणारा मुसलमान, उद्या कुणी काही बोललं तर?

वस्तीवर हा प्रश्न कुणीही काढला नव्हता. आप्पांनीसुद्धा नाही. तो वातानुकूलित खोलीत निघाला. मी तो शब्बीरमामांच्या कानावर घालणार नव्हते, पण सर स्वतः वस्तीवर आले तेव्हा त्यांनीच तो आडून आडून विचारला. शब्बीरमामा म्हणाले, "साहेब, मी बांगड्या भरतो तवा हात धरतो. तवा कुणी इचारत न्हाई." आणि खोकी बांधायला लागले.

मग सरांनी मार्ग काढला. सामुदायिक उष्टावण सोहळा. शिरूरला मंगल कार्यालय, दोन्ही तालुक्यांतली बाळं, मंचावर मोठे पाहुणे, तेच सगळ्यांचे मामा. फोटोही चांगले येतील आणि वादही नाही. पहिला घास मंचावरच व्हायला हवा, म्हणून तोवर गावोगावची घरची उष्टावणं थांबवा, असा निरोप सुनीताताईंनाही गेला.

मी विचारलं, "सर, म्हणजे बाळांना जेवायचं थांबवायचं?"

"थांबवायचं नाही हो, पुढे ढकलायचं. दोन-तीन आठवड्यांनी काय फरक पडतो?"

हा माणूस जेवणाची सुट्टी दहा मिनिटं उशिरा झाली की शिपायावर चिडायचा.

आप्पांना सोहळा पटला. पटणारच. पाहुण्यांच्या हातून घास म्हणजे मान, आणि पूनमच्या भावापुढे वाकावंही लागत नव्हतं. दुर्वाचं उष्टावण सोहळ्यातच, असं त्यांनी जाहीर केलं. तारीख ठरली. मग पाहुण्यांना मुंबईला जावं लागलं, तारीख पुढे गेली. मग त्यांच्या नात्यात कुणी वारलं, पुन्हा पुढे गेली. मी दर वेळी वस्तीवर जाऊन नवी तारीख सांगायची, आणि दुर्वा दर वेळी हलकी झालेली असायची. मध्येच तिला जुलाब लागले. मी पट्टी लावली, ती लालवर आली. सुनीताताई आणि मी पूनमला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी जुलाबांचं औषध दिलं आणि मंदाकाकूंना समोर बसवून सांगितलं, हिला जेवण द्या, आजपासून, नाहीतर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही. मंदाकाकूंनी मान डोलावली. घरी आल्यावर आप्पा म्हणाले, आता तारीख जवळच आलीय, एवढे दिवस काढले तसे आणखी थोडे.

मी सरांना फोन केला. म्हटलं, या मुलीला सोहळ्यातून वगळा, आप्पांना तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. सर म्हणाले, आप्पा नाराज झाले तर अख्खी वस्ती हातची जाईल. मी फोन ठेवला नाही, आपटला.

पुढच्या खेपेला शब्बीरमामा आले. निरोपाप्रमाणे त्यांनी उष्टावणं बंद ठेवली होती. नुसत्या बांगड्या भरत होते. पूनम आली, खाली बसली आणि दुर्वाचा हात पुढे केला. म्हणाली, "मामा, घास नगं. मनगट्या तर घाला."

खोक्यातल्या सगळ्यात लहान मनगट्या काढून त्यांनी दुर्वाच्या हातात चढवल्या. तिने हात हलवला आणि त्या गळून चादरीवर पडल्या. त्यांनी पुन्हा घातल्या, पुन्हा पडल्या. चार महिन्यांच्या बाळाला बसणाऱ्या मनगट्या होत्या त्या. शब्बीरमामा खोक्यात उगाच हात फिरवत राहिले. "हिच्यापरीस बारीक येत न्हाई, बाय," म्हणाले.

लाल पट्टी बघून जे झालं नाही, डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याने झालं नाही, ते त्या दोन काळ्या मनगट्यांनी केलं. मंदाकाकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्या हातात अर्ध्या बांगड्या भरलेल्या, अर्ध्या नाहीत. तशाच उठल्या. मला वाटलं, रागावून गेल्या. बऱ्याच वेळाने त्या परत आल्या, हातात वाटी, वाटीवर झाकण. खिमट होती. ऊन होती. तुपाचा वास सगळ्यांना आला.

"शब्बीर, हात धू," म्हणाल्या.

शब्बीरमामा पंपाकडे बघेनात, रस्त्याकडे बघू लागले. आप्पांची बुलेट येत होती. वाटी घेऊन जाताना कुणीतरी पाहिलं असणार. आप्पा गाडी बंद न करता उभे राहिले. मंदाकाकूंनी वाटी पदराआड घेतली नाही.

"काय चाललंय?" आप्पांनी विचारलं. "सोहळा चार दिसावं आलाय न्हवं?"

"जाऊ की सोहळ्याला," मंदाकाकू म्हणाल्या. "तिथं दुसऱ्यांदा खाईल. खाल्लेलं कुणी माघारी काढून बघतंय व्हय?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांच्यातलं कोण न्हाई हितं? समद्या बसल्यात. इचारा."

कुणी मान वर केली नाही, पण कुणी उठूनही गेलं नाही. आप्पांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. शेवटी ती पडलेल्या मनगट्यांवर थांबली. त्या एवढ्या लहान का, असं त्यांनी विचारलं नाही. बुलेट वळवली आणि गेले. शब्बीरमामा पंपावर गेले, रोजच्यापेक्षा जास्त वेळ हात धूत राहिले, आणि आले.

दुर्वाने पहिला घास बाहेर काढला. दुसराही काढला. तिसरा तिने तोंडात ठेवला आणि आमच्या सगळ्यांकडे संशयाने बघत गिळला.

सोहळा झाला. पाहुणे इतके उशिरा आले की अर्धी बाळं झोपली आणि उरलेली रडत होती. आप्पा फेटा बांधून पहिल्या ओळीत होते. दुर्वाची पाळी आली. पाहुण्यांनी चमचा उचलला मात्र, तिने तो त्यांच्या हातातून ओढला आणि खीर स्वतःच तोंडात घातली. पाहुणे माइकवर म्हणाले, बघा, पहिल्याच घासाला बाळ कसं शिकलं! आमच्या वस्तीच्या बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. मी आप्पांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते, पण मिशी हलत होती.

मला हसू आलं नाही. मंचावर फलक होता, त्यावर संस्थेचं नाव, पाहुण्यांचं नाव. चिंचेखाली बसणाऱ्या एकीचंही नाव नव्हतं. शब्बीरमामांना बोलावणंच नव्हतं. पुढे या सगळ्याला मॉडेल म्हणू लागले. दोन्ही तालुक्यांत दर तिमाहीला सोहळा, आणि गावोगावची बाळं तारखेची वाट बघत. जो खड्डा बायकांनी बुजवला होता तो आम्ही नीट आखून, फलक लावून पुन्हा खणला. मी बैठकीत हे याच शब्दांत बोलले. मला सांगण्यात आलं की माझ्यात सकारात्मकता कमी आहे. त्या महिन्यातच मी राजीनामा दिला. बाईंनी गुऱ्हाळावर येऊन मला ज्यासाठी कॉलेजात घातलं होतं, ते हे काम नव्हतं.

वस्तीवर अजून चिंचेखालीच उष्टावणं होतात, कुणाला न विचारता. दुर्वा अंगणवाडीत जाते आणि सुनीताताईंच्या सांगण्यानुसार दुसऱ्यांच्या डब्यातही हात घालते.

मागच्या महिन्यात वरवंडला घरी होते. शेजारच्या सुनेच्या कडेवर आठ महिन्यांचा मुलगा, बिस्किट चोखत. मी विचारलं तर तिने छापील पत्रिका आणून दाखवली. सोहळा पुढच्या महिन्यात. माझं डोकं असं फिरलं की ओट्यावर बसलेल्या चारी बायका दचकल्या. मी चिंचेखालची सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, "तुमच्याकडे बांगड्या भरायला कोण येतं?"

"कोण न्हाई. आम्ही दुकानातनं आणतो," एक म्हणाली.

माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. पण त्या एकेकाचं नाव घेऊ लागल्या. हा नको, तो पितो, तो चावट आहे, असं बराच वेळ चाललं. शेवटी त्या सुनेने विचारलं, समद्यांच्या सैपाकघरात येतो असा कोण हाय? आणि सगळ्या एकदम म्हणाल्या, गॅसवाला.

दुसऱ्या दिवशी तो टाकी खांद्यावर घेऊन आला. त्याला हात धुवायला लावले, पाटावर बसवलं, हातात चमचा दिला. तो बिचारा गोंधळून वाटीकडे, पोराकडे, आमच्याकडे बघत राहिला.

"कारेक्रम कुणाचा हाय?" त्याने विचारलं.

"कुणाचा न्हाई," पोराची आई म्हणाली. "पोराचं जेवाण हाय. भरवा."